हात खाली, तोंडानं बोल

मल्लूअण्णा स्वतःच्या आयुष्याचं धावतं वर्णन करतात. कळंब्यातल्या आमच्या गल्लीला सकाळी जाग येते ती त्यानंच. "आता मी गाडी पुसालोय. फडकं वलं हाय. वलं. आता आरसा पुसालोय." समोर कुणी नसतं. कोपऱ्यावरची पोरं चहा पिताना नक्कल करतात, "आता मी बिस्कीट बुडवालोय." अण्णा ओरडतात, "हसा की. तुमच्या बापाचं काय जातंय?"

ही खोड त्यांना दवाखान्यानं लावली. आईविना वाढलेली त्यांची एकुलती लेक दीपा जन्मापासून बहिरी. तिसऱ्या वर्षी ऑपरेशन करून कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं, कानामागं मशीन आलं. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, दिवसभर तिच्याशी बोला आणि खुणा अजिबात करू देऊ नका, नाहीतर पोर बोलणारच नाही.

अण्णा कागलच्या कारखान्यात लेथवर. मापात केसाचा फरक न चालणारा माणूस. नियमही त्यांनी तसाच पाळला. दीपानं माठाकडं बोट केलं की, "हात खाली. तोंडानं बोल." 'पाणी' म्हणेपर्यंत पाणी नाही. पोर रडून रडून झोपायची. आम्ही शेजारी खिडक्या लावून घ्यायचो, दुसरं काय करणार.

दीपा बोलायला लागली. दवाखान्यानं तिला स्टेजवर उभं करून टाळ्या घेतल्या. पुढं ती मोठी झाली, नोकरीला लागली आणि एक दिवस मशीन काढून तिनं बापाच्या हातात ठेवलं. आता मैत्रिणींशी ती हातांनी भरभरून बोलते. बापाशी ना हातानं, ना तोंडानं. बाप मात्र सवयीनं बोलतोच आहे.

परवा दवाखान्यात इम्प्लांटवरच्या संशोधनाचा कार्यक्रम होता. आदर्श पालक म्हणून अण्णांना शाल-नारळ. मलाही सोबत नेलं. एक तरुण डॉक्टर माईकवर म्हणाले, "खुणा शिकवल्या तर मूल बोलत नाही, असं पूर्वी मानायचे. आता तसं ठामपणे म्हणता येत नाही." शर्टाचं बटण बदलावं इतक्या सहज.

अण्णा शालीसकट उठले. "डॉक्टर, हे माझ्या पोरीला कुणी सांगायचं?"

"छान प्रश्न," डॉक्टर म्हणाले आणि पडद्यावर पुढचं चित्र आणलं. नंतर नाश्त्याला उपमा होता. असल्या हुशारीची मला चीड येते. मी उपमा खाल्ला नाही.

घरी आलो तेव्हा दीपा पायरीवर बसून मोबाइलवर मैत्रिणीशी हातवारे करत होती. अण्णा तिच्यासमोर उभे राहिले आणि चुकलेल्या पोरासारखे त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

तिनं फोन खाली ठेवला. मग तिचे हात सुटले, रागानं, भराभर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात थांबत नव्हते.

"काय म्हणतीया?" अण्णांनी मला विचारलं.

मलाही त्यातलं काही कळत नव्हतं. तरी अण्णा "व्हय, व्हय" करत मान हलवत राहिले, ती थांबू नये म्हणून.