फणसळकर काकांचा एक गुण

फणसळकर काका आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोसमोर थांबले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो अगदी जवळून पाहिला आणि मला विचारलं, "ओरिजिनल?"

मला वाटलं, फ्रेमबद्दल विचारतायत. मी म्हटलं, "नाही काका, इथल्याच मॉलमधून आणलीय."

माझ्या बायकोने, गौरीने, चहाचा ट्रे जरा जोरातच टेबलावर ठेवला. काका घाईघाईने म्हणाले, "तसं नाही गं. पहिलंच लग्न ना, एवढंच विचारत होतो."

'ओरिजिनल' ही फणसळकर काकांच्या लेखी सर्वांत मोठी पदवी आहे. त्यांच्या मते जगात तीन प्रकारची माणसं असतात: ओरिजिनल, रिस्टोअर्ड आणि रिप्रॉडक्शन. केसांना कलप लावणारे सगळे रिस्टोअर्ड. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष रिप्रॉडक्शन, कारण ते दर वर्षी आधीच्या अध्यक्षांचंच भाषण वाचतात. मला टेक्ससमधल्या प्लेनोत येऊन दोन वर्षं झाली, पण माझं प्रकरण अजून 'पेंडिंग इन्स्पेक्शन' आहे.

या सगळ्याचं मूळ शेजारीच, काकांच्या गराजमध्ये उभं आहे. १९६९ सालची चार्जर. ज्यांना गाड्यांतलं कळतं त्यांच्या तोंडाला हे नाव ऐकूनच पाणी सुटतं. मला कळत नाही. ओळख झाल्यावर काका म्हणाले होते, "माझ्याकडे चार्जर आहे, बघायला ये," तर मी माझा बंद पडलेला सेलफोन घेऊन गेलो होतो. दार वर सरकलं आणि समोर गडद हिरव्या रंगाचं, लांबच्या लांब, खाली बसल्यासारखं दिसणारं धूड होतं. काकांनी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "फोर-फॉर्टी आहे. तुझा फोन राख होईल."

फोर-फॉर्टी म्हणजे चारशे चाळीस घनइंचांचं इंजिन. ते सुरू झालं की आमच्या स्वयंपाकघरातले डबे वाजतात. काका एकाहत्तर साली सांगलीहून टेक्ससला शिकायला आले, तेव्हा त्यांच्या प्रोफेसरकडे असली गाडी होती आणि काकांकडे सायकल होती. पुढे पंचवीस वर्षांनी त्यांना एका शेतावरच्या गोठ्यात अशीच एक गाडी सापडली, मागच्या सीटवर अंडी घालणाऱ्या कोंबड्यांसकट. कोंबड्या वगळता सगळं ओरिजिनल होतं, असं काका सांगतात.

ओरिजिनल म्हणजे काय हे मला त्यांनी एकदाच, पण दोन तास समजावून सांगितलं. गाडीचा एक नंबर असतो. तोच इंजिनावर कोरलेला असतो, तोच गिअरबॉक्सवर. ते सगळे जुळले तर गाडी खरी, नाहीतर नुसता सांगाडा. "पत्रिका बघतात ना, तसंच," काका म्हणाले. "हिचे छत्तीसच्या छत्तीस गुण जुळतात. ही गोष्ट सोपी नाही रे. माझे आणि सुलभाचे साडेअठरा जुळले होते."

"साडेअठरा म्हणजे?"

"म्हणजे काठावर पास."

सुलभाकाकू आम्ही इथे येण्याच्या आदल्या वर्षी गेल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्या या गाडीला 'सवत' म्हणायच्या, हे मंडळातल्या बायकांकडून कळलं. त्यांचा राग समजण्यासारखा होता. टेक्ससच्या उन्हाळ्यात जिथे माणसं पत्र काढायला पोस्टाच्या पेटीपर्यंतही धावत जातात, तिथे या गाडीला एसी नव्हता. बसवता आला असता, पण कारखान्यातून निघताना तो नव्हता, म्हणून काकांनी बसवला नाही.

गारा पडायला लागल्या की घरातल्या गाद्या आणि रजया गराजमध्ये जातात आणि चार्जरवर पसरल्या जातात, छप्पर असूनही. काकांची रोज ऑफिसला न्यायची बिचारी गाडी बाहेरच उभी असते. तिला इतके पोचे आलेत की लांबून ती घमेल्यासारखी दिसते.

आमच्या मंडळात दसऱ्याला देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये वाहनपूजा असते. काका चार्जर घेऊन येतात, तीही ट्रेलरवर चढवून. तीन वर्षांत त्यांनी ती रस्त्यावर चालवलेली नाही. त्याआधी म्हणे दर रविवारी काढायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माइल्स वाढतात." पूजेच्या वेळी गुरुजींनी कुंकवाचं बोट पुढे केलं की काका मध्ये उभे राहतात. "गुरुजी, पेंट ओरिजिनल आहे." झेंडूचा हार बॉनेटवर नाही, शेजारच्या खांबावर. लिंबात ॲसिड असतं, म्हणून टायरखाली लिंबू नाही. नारळ दोन गाड्या सोडून पलीकडे फुटतो. गुरुजी तीन फुटांवरून अक्षता टाकतात, आणि त्याही काका नंतर मोजल्यासारख्या वेचून काढतात.

या गाडीच्या बाबतीत काकांना आयुष्यात एकच गोष्ट मिळवायची राहिली होती, ती म्हणजे गोल्ड. डॅलसला दर वर्षी जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. परीक्षक हातात टॉर्च घेऊन गाडीखाली झोपतात. गाडी नव्यासारखी असून चालत नाही. ती कारखान्यातून जशी निघाली तशीच लागते. काकांच्या गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाचा एक ओघळ आहे. एकोणसत्तर साली कुणा कामगाराने जेवणाच्या सुट्टीच्या घाईत तो तसाच सोडला असणार. काका त्या ओघळाला मऊ ब्रशने जपतात. आमच्या भिंतीवर मी रंग लावला आणि ओघळ आला, तेव्हा मात्र म्हणाले, "लाज आणलीस."

हजारपैकी नऊशे पन्नास गुणांना गोल्ड. गेल्या वर्षी काकांना नऊशे एकोणपन्नास मिळाले होते. एक गुण कशात गेला, असं कुणी विचारलं की ते खिडकीबाहेर बघत म्हणत, "काहीतरी किरकोळ. परीक्षक जरा चिकट आहे." सगळं मंडळ त्या एका गुणासाठी हळहळलं. मीही हळहळलो.

या वर्षी त्यांनी मला बरोबर नेलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो. काका म्हणाले, "मला ही गाडी बघून बघून दिसेनाशी झालीय. तू नव्या डोळ्यांनी बघ. टेस्टिंग कर."

सकाळी नऊला आम्ही डॅलसच्या त्या मोठ्या हॉलमध्ये होतो. काका गाडीखाली, सतरंजीवर आडवे. मी आतून तपासत होतो. अट अशी होती की सीटवर बसायचं नाही, गुडघ्यांवर टेकून वाकायचं. उजव्या, म्हणजे इथे ड्रायव्हरशेजारच्या, सीटसमोरचा ऊन अडवणारा सन-व्हायजर मी खाली ओढला. त्याच्या मागे छोटा आरसा होता, कारखान्यातून आलेला, काकांचा खास अभिमान. आरशाच्या वरच्या कोपऱ्यात एक टिकली होती. मरून रंगाची, शेंगदाण्याच्या सालीएवढी.

मला धन्यता वाटली. हाच तो गुण. दसऱ्याला कुणीतरी बाई आत वाकली असणार, आरसा दिसला आणि टिकली सारखी करता करता एक राहून गेली. काका वर्षभर गाडीखाली झोपून शोधतायत आणि बग इथे वर. मी नखाने ती अलगद काढली. आमच्या घरात टिकली टाकून द्यायची पद्धत नाही, कुठेतरी चिकटवून ठेवायची. मी ती हातातल्या चेकलिस्टच्या कोपऱ्याला लावली आणि खाली वाकून म्हणालो, "काका, तुमचा गुण सापडला. या वर्षी गोल्ड घ्या."

काका हसत बाहेर सरकले. त्यांनी कागद पाहिला. मग त्यांचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, यांना छातीत दुखतंय.

"कुठून काढलीस?"

मी आरसा दाखवला.

"सुलभाची आहे," काका म्हणाले.

ते सतरंजीवरच बसून राहिले आणि पान्याला लागलेलं ग्रीस पुसत बोलले. "जुलै होता. हॉस्पिटलला निघालो होतो, टेस्टसाठी. म्हणाली, आज माझ्या सवतीतून जाऊ या, बघू तरी काय आहे एवढं तिच्यात. डॅलस येईपर्यंत घामाने टिकली नाकावर आली. हसली. काढून आरशाला लावली. म्हणाली, येताना लावते." पाना पुसून झाला होता, तरी ते पुसत राहिले. "येताना मी एकटा होतो."

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. "सॉरी काका," एवढंच म्हणता आलं.

"तू टेस्टिंग नीट केलंस," ते म्हणाले. "ऊठ, दे ती इकडे."

ती चिकटेना. चार उन्हाळ्यांत गोंद वाळला होता. हॉलमध्ये गोंदाचे शंभर प्रकार विकायला होते. मी धावत जाऊन आणतो म्हटलं तर त्यांनी मान हलवली. "दुसरा गोंद नको." त्यांनी टिकलीला, पाकिटावरच्या तिकिटाला लावतात तशी, जिभेने ओल लावली, ती आरशाच्या त्याच कोपऱ्यात ठेवली आणि अंगठ्याने दाबून धरली. उजव्या सीटवर ते बसले नाहीत. गुडघ्यांवर टेकून, हात लांब करून, तसेच थांबले. पाच मिनिटं तरी झाली असतील.

परीक्षक आला. पांढऱ्या मिशांचा, उंच, गेल्या वर्षीचाच. इंजिनाचे नंबर पाहून तो खूश झाला. दारातल्या ओघळावर त्याने टॉर्च मारला आणि शाबासकी दिल्यासारखी मान हलवली. मग त्याने उजवीकडचा व्हायजर खाली ओढला.

"स्टिल देअर, आय सी."

"येस सर."

"फॅक्टरी?"

"नो सर," काका म्हणाले. "डीलर इन्स्टॉल्ड."

डीलरने बसवलेल्या वस्तूलाही गुण असतात, पण तिची पावती लागते. परीक्षकाने पावती आहे का, विचारलं. काकांनी नाही म्हणून सांगितलं. म्हाताऱ्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, व्हायजर हळूच वर लावला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तो खरंच चिकट होता.

दुपारी यादी लागली. गर्दीतून वाट काढत मी आधी पोहोचलो, बोट फिरवत काकांचं नाव शोधलं आणि परत आलो. काका गाडीपाशी उभे होते, हातात फडकं घेऊन.

"किती?"

"नऊशे एकोणपन्नास."

त्यांनी फडक्याची नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

"साडेअठराच्या मानाने खूप झाले," काका म्हणाले.