कांबळे सरांची सळई

कांबळे सर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा चपला काढायच्या आधी अंगणात उकिडवे बसले आणि चिमूटभर माती तोंडात टाकली. दाढेखाली करकर चावली, बाजूला थुंकली आणि माझ्या बायकोला, सुनंदाला, म्हणाले, "वैनी, लई काळी हाय. भिंतीला भेगा आसतील बघा." भेगा होत्या. त्या आम्ही दोन कॅलेंडरांमागे लपवल्या होत्या. सुनंदाने त्या दिवशी त्यांना वरणभात वाढला, पण हवं-नको काही विचारलं नाही.

सर आमच्याच शाळेत भूगोल शिकवतात, मी मराठी. उदगीरमध्ये त्यांना नावानं न ओळखणाराही सळईवरून ओळखतो. चार फुटांची लोखंडी सळई कायम हातात असते आणि कुठंही गेले की आधी ती जमिनीत खुपसतात. लग्नाच्या मांडवात, बसस्टँडमागे, एकदा तर झेंडावंदनाला मोठे साहेब आलेले असताना स्टेजच्या शेजारी. खाली दगड लागून टण्ण वाजलं की चेहरा असा खुलतो, जसा बदली रद्द झालेल्या मास्तरचा. "लागला खडक," म्हणतात. नाही वाजलं तर तिथं फार वेळ थांबत नाहीत, मग पंगत बसलेली का असेना.

त्यांच्या घरी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत माती भरून ठेवलेली आहे. त्यातली लाडकी म्हणजे पैनगंगेच्या पलीकडच्या कुठल्याशा डोंगरउतारावरून आणलेली वालुकाश्माची माती. आमच्याकडे असला खडक नाही, म्हणून त्या बाटलीला हात लावायची कुणाला परवानगी नाही. वर्गात ते ती स्वतः पाण्याच्या ग्लासात टाकतात. वाळू झरकन तळाशी बसते.

"फुगली का? न्हाई. वाळल्यावर भेगाळंल का? न्हाई. पाणी धरत न्हाई, जवारी देत न्हाई, नुसतं गवत देती. पर फसवत न्हाई. आपला माळ बी तसलाच. मुरूम लाल आसल, खडक येगळा आसल, पर वीतभर खाली गेलं की हाय."

माणसांनाही त्यांचं हेच माप. हेडमास्तर काळी माती, पावसात फुगतात आणि उन्हात फाटतात. मी गाळाचा, म्हणजे जिकडं पाणी जाईल तिकडं जाणारा. मला राग आला होता, पण सुनंदाला ते इतकं पटलं की तेव्हापासून तिचं सरांबद्दलचं मत सुधारलं. "माळाचा माणूस हाय" ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी पदवी, आणि ती अजून स्टाफरूममध्ये कुणालाच मिळालेली नाही.

आणखी एक तऱ्हा म्हणजे सर बारा महिने अंगणात बाजेवर झोपतात. पाऊस आला तर अंगावर ताडपत्री ओढतात. कारण विचारलं की म्हणतात, घरात उकडतंय. डिसेंबरातही तेच उत्तर. आम्ही स्टाफरूममध्ये यावर भरपूर हसून घेतलं आहे.

तर अशा माणसाचं ऐकून मी माळावर प्लॉट घेतला. खाली सडकेला लागून सपाट, काळ्या मातीचा प्लॉट मिळत होता. तो सोडून शेळ्या चारायच्या उतारावर घर बांधणार म्हटल्यावर सासुरवाडीत माझ्या डोक्याविषयी चर्चा झाली. सर मात्र मला तिथं घेऊन गेले आणि गवत दाखवलं. आखूड, पिवळं, कुसळांचं. "मुळं पार खडकाच्या फटीत हायत. पाऊस पडला की पाणी वाहून जातंय, घर हालत न्हाई." तीन कोपऱ्यांत सळई मारली. तिन्ही ठिकाणी टण्ण. चौथ्या कोपऱ्यात, जरा हिरवळ होती तिथं, शेळ्या राखणारी एक म्हातारी बसली होती. तिनं बाटलीतला चहा पुढं केला. म्हातारीला ऊठ कसं म्हणायचं? सरांनी खाली बसून चहा घेतला, शेळ्यांची चौकशी केली आणि आम्ही उतरलो.

पायाचे खड्डे घेतले त्या दिवशी तीन कोपऱ्यांत गुडघाभर खाली खडक लागला. चौथा लागेना. खाजामियाँ मिस्त्री टिकाव टेकवून म्हणाले, "सर, ये कोना तो नीचेच जारा." काँक्रीटचा मिक्सर सकाळपासून घरघरत उभा होता. दगड भरून वर काँक्रीट ओतू, असं मिस्त्रींचं मत पडलं आणि मीही मान डोलावली. शेवटी मी गाळाचाच.

तेवढ्यात सर आले. खड्ड्यातली माती चावली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"वैनी, हितं गवत हिरवं होतं न्हवं?"

"होतं की. म्हणूनच मी स्वयंपाकघर इथं काढायला लावलं," सुनंदा म्हणाली.

"हिरवं गवत म्हंजे खाली खोल माती. वरचं वाहून आलेलं साचतंय. इस वर्सं पोरान्ला शिकवायलोय मी हे. आन् हितंच बसून चहा पेलो."

त्यांनी मिक्सर बंद करायला लावला. मी चिडलो. म्हटलं, सर, एका कोपऱ्यानं काय होतंय? त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं.

"खालचं म्हाईत नसताना वर माणसं निजवू नका, बिरादार सर."

मग स्वतः खड्ड्यात उतरून टिकाव घेतला. मिस्त्रींची माणसं माती उपसू लागली. सर कमरेइतके खाली गेले, छातीइतके गेले. खडक लागेना. सासुरवाडी काय म्हणेल ते मला ऐकू येऊ लागलं. सर सळई मारायचे, थांबायचे, पुन्हा खणायचे.

दुपार कलली तेव्हा सळई टण्ण वाजली. सरांनी खड्ड्याचा तळ सगळीकडून वाजवून पाहिला. सगळीकडं टण्ण. मग तिथंच मटकन बसले आणि बाहीनं तोंड पुसलं. मिस्त्री म्हणाले, "अल्ला का शुकर." माझ्या जिवात जीव आला. सुनंदानं खड्ड्यात कप खाली दिला, तर सर म्हणाले, "आता चहा नगं."

घर झालं. घरभरणीला सगळा स्टाफ आला, सासुरवाडीही आली. जेवणं झाल्यावर सर दिसेनात. मी शोधत आत गेलो, तर स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्यात, गार फरशीवर, ते आडवे पसरून गाढ झोपले होते. घोरतही होते. सळई भिंतीला टेकवलेली. स्टाफला दाखवावं म्हणून मी हसत वळलो, तर दारात सरांची बायको, रंजनावहिनी, उभ्या होत्या. त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"किल्लारीकडचं गाव त्यांचं," त्या हळूच म्हणाल्या. "भूकंप झाला तवा शेळी व्यायला झाल्ती, म्हून हे अंगणात तिच्यापाशी निजलेले. आई आन् धाकटी भैन घरात." त्यांनी स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलं. "उठवू नका, भाऊ. लग्नाला एकोणीस वर्सं झाली. छताखाली निजलेलं आज पयल्यांदा बघायलेय मी."

मी बाहेर आलो. स्टाफरूममधलं आमचं सगळं हसणं आठवून मला माझीच लाज वाटली. सुनंदाला सांगितलं, तर तिनं भांडी घासायला अंगणात काढली आणि सगळ्या पाहुण्यांना माळावरच्या दगडांवर बसवून तिथंच चहा दिला. सासरे म्हणाले, एवढं घर बांधून आम्हाला उन्हात का बसवलंय? मी म्हटलं, हळू बोला, आत माणूस झोपलाय.