एकही माणूस उठणार नाही!

कार्यक्रम यशस्वी कसा करायचा हे कुणी मला शिकवू नये! ऑफिसात निरोपसमारंभ म्हटला की साहेब डोळे मिटून म्हणतात, "ईश्वरला सांगा." मागे एकदा तर ज्यांना निरोप द्यायचा तेच आले नव्हते, तरी समारंभ वेळेवर संपला!

त्यामुळे २००४ साली मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीला दहा वर्षं झाली, तेव्हा वर्धापनदिन माझ्याकडेच आला. मी ताबडतोब दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर लिहिलं : 'मृणालिनीचं गाणं. एकही माणूस मध्ये उठणार नाही.'

मृणालिनी म्हणजे आमची ही. लग्नाआधी गिरगावात नाट्यगीतांची बक्षिसं मिळवायची. लग्न झाल्यापासून बारा वर्षं फक्त कुकरच्या साथीला गायली. दोन महिने रियाझ चालला होता. पण धास्ती एकच.

"अहो, मधेच लोक उठून गेले तर? मी पुन्हा तोंड नाही उघडणार हां!"

"उठतील कशाला? मी बसलोय ना!"

आमच्याकडची माणसं कशाने उठतात हे मला पक्कं ठाऊक होतं. पाण्याने! पाणी एक दिवसाआड, तेही अर्धा तास. आमचा वॉचमन रामू शिट्टी मारायचा आणि सगळी बिल्डिंग बादल्यांकडे धावायची. बारशातलं बाळ पाळण्यात टाकून आत्या पळालेली मी पाहिलीय! म्हणून कॅलेंडर बघून मी बिनपाण्याचाच रविवार निवडला. आहे की नाही डोकं?

वहीतला चौदावा मुद्दा होता, 'सर्वांना मानाने बोलावणे.' म्हणून आमच्या भागात पाणी सोडणाऱ्या शेजारच्या मुर्धा गावच्या नाथालाही मी पत्रिका दिली. वर गोड आवाजात म्हणालो, "नाथाभाऊ, रविवारी पाच वाजता विसरू नका हं. तुमच्यामुळेच शोभा!"

नाथाने पत्रिका कपाळाला लावली. "सायेब, मी हाय ना. तुमी काय बी चिंता करू नका."

रविवारी पाचला पटांगण गच्च भरलं. सेक्रेटरी गुणवंतभाईंनी भाषण दोन मिनिटांत आटपलं, कारण त्याची उरलेली तीन पानं माझ्या खिशात होती. मृणालिनीने सूर लावला. काय लागला सूर! माझ्या अंगावर काटा आला.

आणि शिट्टी वाजली.

पहिल्याच आलापाला शिट्टी! मी छाती फुगवली. मग सगळे उभे राहिले. उभं राहून दाद! माझे डोळेच भरून आले. तेवढ्यात गुणवंतभाई धोतराचा सोगा सावरत माझ्या अंगावरून गेले.

"ईश्वरभाई, पानी आया! भागो!"

"बसा! बसून घ्या! पत्रिकेत मध्यंतर नाहीये!" मी जिन्यासमोर आडवा झालो. लोक मला ओलांडून गेले. तबलजी सी विंगचा. तो तबल्यासकट गेला. दोन मिनिटांत पटांगणात दोनशे खुर्च्या, मी आणि मृणालिनी. ती अंतरा पुरा करून थांबली.

"बारा वर्षांनी गायले," ती हळूच म्हणाली, "आणि ऐकायला खुर्च्या."

मला इतकं वाईट वाटलं की वही फाडून टाकावीशी वाटली. तेवढ्यात फाटकातून कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला नाथा आला, हसत हसत!

"नाथा, आज पाणी कसं?"

"तुमीच तं बोलावलंव! पत्रिका दिली, शोभा करा बोललाव. लोकं पत्रिका कशाला देतात मना? कार्याला पानी पायजे म्हनून. वरच्या सायबाच्या हातापाया परून खास सोरलंय. फुल प्रेशर हाय!"

पत्रिका घेऊन नाथाकडे जाणारा माणूस कशासाठी जातो, हे साऱ्या मुर्ध्याला माहीत होतं. दोनशे पानी वहीला नव्हतं!

मी डोकं धरून बसलो. पण पाऊण तासाने जिन्यातून हसण्याचा आवाज आला. माणसं परत येत होती! ओल्या साड्या, भिजलेली पोरं, तबल्यासकट तबलजी. पिंपं काठोकाठ भरली होती. आता कुणाला घाई नव्हती. लोक असे सैलावून बसले की मृणालिनीने एक नाही, पाच गाणी म्हटली. 'वन्स मोअर' काय, टाळ्या काय! तिचा चेहरा मी लग्नानंतर एवढा खुललेला पाहिला नव्हता. आणि खरंच, एकही माणूस उठला नाही!

शेवटी गुणवंतभाई माइकवर आले. "आज का फंक्शन सक्सेसफुल किसने किया?" मी केस सारखे केले. सत्काराच्या शालीचा रंगही मीच निवडला होता.

"अपने नाथाभाऊ ने!"

शाल, नारळ, टाळ्या. नाथा लाजला. मीही वाजवल्या, काय करणार!

घरी येताना मृणालिनी गुणगुणत होती. दार उघडून तिने नळ फिरवला. नळ फुसफुसला.

"अहो, आपलं पाणी भरलंत ना?"

अख्ख्या बिल्डिंगमध्ये कोरडं राहिलेलं घर एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुणवंतभाईंची बेल वाजवली.

"आओ ईश्वरभाई! क्या प्लानिंग था! दस साल में इतना पानी नहीं आया!"

मी बादली पुढे केली.