वजीर, अद्रक आणि कन्नडचा घाट

आधीच सांगून टाकते, या सहलीचं सगळं नियोजन माझं होतं! बारा दिवस, एक गाडी, चार माणसं, एक कुत्रा आणि शेवटी सोमनाथचा समुद्र. मी वहीत पाच रंगांच्या पेनांनी तक्ता केला होता. कुठं जेवायचं, कुठं झोपायचं, पाणी कुठं भरायचं, सगळं त्यात होतं. 'गाडी बंद पडली तर' असा वेगळा रकानाही होता. 'नातेवाईक' असा रकाना मात्र नव्हता. तिथंच सगळं फसलं.

गाडी पप्पांनी स्वतः बनवली होती. त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. कुठल्याशा लिलावात त्यांनी जुना फिरता दवाखाना उचलला आणि पाच महिने खपून त्याचं घर केलं. दोन पलंग, ओटा, गॅस, पाण्याची टाकी, आजीसाठी भिंतीत देवघर! बाहेरून पांढरा रंग मारला. पण उन्हात त्या रंगाखालून जुनी अक्षरं वर यायची, 'आपल्या दारी'. पप्पा म्हणाले, "असू दे. शुभ आहे."

कुत्र्याचं नाव वजीर. आई लॅब्राडोर, बाप आमच्या पुंडलिकनगरातलाच कुणीतरी. रंग पोत्यासारखा, गळ्यात लाल पट्टा, वजन अठ्ठावीस किलो. मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं होतं की वजीरचा समुद्रासमोर बसलेला फोटो आणीन. सगीरा, म्हणजे माझी बाकावरची मैत्रीण, म्हणाली, "तू? वजीरला? समुद्रापर्यंत? फोटो दाखव, तेव्हाच मानीन." आता नववी 'ब'च्या बावन्न मुलींसमोर असं कुणी बोललं, की मागं फिरता येतं का?

दिवाळीची सुट्टी लागली. नारळ फोडला आणि आम्ही पश्चिमेला समुद्राकडे जाण्यासाठी पूर्वेला करमाडला गेलो!

कारण करमाडला मामा राहतो. "एवढ्या लांब देवाला चाललो आणि भावाला तोंड न दाखवता जाऊ?" आई म्हणाली. कडूबामामानं जेवू घातलं, मुक्काम करायला लावला आणि सकाळी गाडीत बाजरीची दोन पोती टाकली. "आक्का, नवी बाजरी हाय. नाय म्हणायचं नाय."

दुसऱ्या दिवशी खुलताबाद. तिथं पप्पांचे जुने भागीदार युसूफचाचा. त्यांच्या बागेतले पेरू, चार क्रेट! "भाभी, बाग के हैं, ना मत बोलो!" चाचींनी वर लोणच्याची बरणी दिली. ती बरणी मी मांडीवर घेऊन बसले, कारण तोपर्यंत खाली जागा उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी कन्नडजवळ साळूआत्याचा मळा. साळूआत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. तिच्यापुढं पप्पा अजूनही इयत्ता तिसरीतल्या मुलासारखे उभे राहतात. तिनं काय दिलं? अद्रक! चाळीस-चाळीस किलोची दोन बारदानं, तोंडं तिच्या जुन्या लाल लुगड्याच्या काठानं स्वतःच्या हातानं शिवलेली.

"ताई, एवढ्या अद्रकाचं आम्ही काय करू?" पप्पांनी विचारलं.

"वाटंनं च्या प्यायला व्हईल की."

ऐंशी किलो! म्हणजे सोमनाथपर्यंतच नव्हे, चंद्रापर्यंत चहा झाला असता.

या सगळ्यात एक वजीरच काय तो शहाण्यासारखा वागत होता. गाडी सुरू झाली की तोंड उघडून लाळ गाळायचा. मी आईला म्हटलं, "बघ, किती आनंद झालाय त्याला!" मुक्कामाला सगळ्यात आधी तो उतरायचा. निघताना सगळ्यात शेवटी चढायचा, तेही दोघांनी उचलल्यावर. शिस्त म्हणतात ती ही! आत्याकडं तर तो रात्रभर तिच्या बाजेखाली गुपचूप झोपला. दूध-भाकरीचा काला खाल्ला आणि सकाळी आम्हाला सापडेचना.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही कन्नडला पोचलो. म्हणजे चार दिवसांत घरापासून साठ किलोमीटर. एसटी दीड तासात येते.

आता पुढं घाट होता. घाट उतरायच्या आधी ब्रेक दाखवून घेऊ म्हणून पप्पांनी बाजाराच्या कडेच्या मजीदभाईंच्या गॅरेजसमोर गाडी लावली. मजीदभाई गाडीखाली गेले आणि तिथूनच त्यांचा आवाज आला, "या अल्ला! साहब, इसमें क्या मकान लेको जा रहे क्या?"

"मकानच आहे," पप्पा अभिमानानं म्हणाले.

"स्प्रिंगचे पाटे बैठ गये पूरे. एक तो तुटायला आलाय. पाटा मी बदलून देतो, पण इतना माल लेको घाट नक्को उतरो. वजन उतरवा, फिर जाओ."

मग सुरू झाली आमच्या घरातली बैठक, भर रस्त्यात!

"बाजरी उतरवू," पप्पा म्हणाले.

"उतरवा की!" आई म्हणाली. "माझ्या माहेरचंच तेवढं जड होतं तुम्हाला."

"मग अद्रक."

"रामकिसन," आजी आतून म्हणाली, "लेकीनं दिलेलं रस्त्यावर टाकून मी देवाला येनार नाय. माला बी हितंच उतरव."

"पेरू?"

"युसूफभावजींना काय तोंड दाखवणार?"

पप्पांनी गाडीत सगळीकडं नजर फिरवली. बाजरीला आई होती, अद्रकाला आजी होती, पेरूंना दोस्ती होती. शेवटी त्यांची नजर वजीरवर थांबली. त्याला बिचाऱ्याला माहेरच नव्हतं!

"पप्पा, नाही!" मी ओरडले.

"अठ्ठावीस किलो कमी होतील. बारा दिवसांचाच तर प्रश्न आहे. ताईच्या मळ्यात मजेत राहील."

मी तक्ता दाखवला. मी रडले. मी लोणच्याच्या बरणीची शपथ घातली! काही उपयोग नाही. पप्पांनी आत्याला फोन लावला, "ताई, वजीरला तुझ्याकडं ठेवावं लागतंय. जीपनं ये आणि घेऊन जा." मग ते मजीदभाईंबरोबर पाटा आणायला गेले. आई भाजी घ्यायला बाजारात गेली. आजी बाजरीच्या पोत्यांना टेकून घोरू लागली. आणि मी गाडीच्या पायरीवर, हातात वजीरचा पट्टा.

माझ्याकडं दीड-दोन तास होते. मी विचार केला. अठ्ठावीस किलोच कमी करायचे ना? मग ते वजीरचेच कशाला पाहिजेत? दाराशी अद्रकाचं पोतं होतं. एका पोत्यातलं थोडं गेलं तर आजीला कळणार आहे का? मी एका पोत्याचा लाल काठ सोडून खिशात टाकला.

समोरून एक म्हातारेबाबा चालले होते. मी हाक मारली, "बाबा, अद्रक घ्या. फुकट!"

बाबा थांबले. गाडीकडं बघितलं. उन्हानं 'आपल्या दारी' झकास उमटलं होतं.

"सरकारी हाय व्हय?"

"नाही हो, आमचंच आहे."

"तसंच म्हनत्यात समदे," असं म्हणून बाबांनी उपरणं पसरलं. मी पाण्याच्या मगानं भरलं. बाबा गेले आणि जाताना त्यांनी सगळ्या कन्नडला सांगितलं.

खरं सांगते, मी मान खाली घालून दोन मग भरले आणि वर पाहिलं तर समोर अठरा माणसं! पिशव्या, टोप्या, पदर, एकाच्या हातात हेल्मेट. एका बाईनं आधार कार्डाची झेरॉक्स माझ्या हातात ठेवली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"राहू दे. मागनं नाव न्हाई म्हनू नका."

दुसरी म्हणाली, "अंगठा कुठं लावायचा?"

तेवढ्यात गर्दीतून एक गृहस्थ पुढं आले. त्यांना सगळे सांडूभाऊ म्हणत होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. अशी माणसं न बोलावताच येतात! त्यांनी एका मिनिटात लायनी पाडल्या. "बायांची इकडं! माणसांची तिकडं! एका कार्डावर अर्धा किलो! ताई, तुम्ही फक्त वाटा, कायदा-सुव्यवस्था मी बघतो." मग माझ्या कानाशी येऊन हळूच, "कोणता पक्ष?"

"कोणताच नाही."

"म्हणजे अपक्ष. चांगलं हाय. दोन शब्द बोला."

आता एवढी माणसं समोर, आणि वक्तृत्व स्पर्धेत मी तालुक्यात दुसरी! मी पायरीवर उभी राहिले. "बंधू आणि भगिनींनो! आमच्याकडं अद्रक फार झालंय! आम्हाला त्याचं काय करावं ते कळत नाही! तुम्ही ते नेलंत तर एका मुक्या जिवाचं कल्याण होईल!"

टाळ्या! एकानं शिट्टीसुद्धा मारली. वजीरनं लाळ गाळली.

पहिलं पोतं संपलं. अठ्ठावीसचे चाळीस कधी झाले ते कळलंच नाही. पण एवढी मोठी लायन हात हलवत परत पाठवायची? मी दुसरं सोडलं. आता मी वर बघतच नव्हते. मग भरायचा, ओतायचा, 'पुढं चला' म्हणायचं. बँकेतल्या बाई म्हणतात तसं.

समोर एक पदर आला.

"आमाला बी घाल, बाई."

मी घातलं. "पुढं चला."

पदर हलेना. "एवढंच? आगं, पाऊन तास हुबी हाय मी."

तेवढ्यात वजीरनं माझ्या हातातून पट्टा हिसकला आणि त्या बाईच्या अंगावर दोन्ही पाय टाकून तोंड चाटायला सुरुवात केली. गाडीत बसल्यापासून चार दिवसांत त्याची शेपटी पहिल्यांदाच हलली. मी वर पाहिलं.

साळूआत्या!

झालं होतं असं. आत्या जीपमधून उतरली आणि तिला मोठी लायन दिसली. शहाणी बाई आधी लायनीत उभी राहते आणि मग चौकशी करते. तीही राहिली.

आत्यानं पदरातलं अद्रक उचललं, वास घेतला, मोडून पाहिलं. मग अर्ध्यावर आलेल्या दुसऱ्या पोत्याकडं पाहिलं. मग माझ्या खिशातून लोंबणाऱ्या लाल काठाकडं.

"देवू," ती म्हणाली, "माजंच अद्रक मलाच फुकट वाटायलीस व्हय गं? आन ते बी अर्धा किलो?"

"मावशी, लाइनीत भांडण नको," सांडूभाऊ म्हणाले.

"तू गप रे मुडद्या! लायन माज्या अद्रकाची हाय!"

सांडूभाऊंनी ताबडतोब घोषणा केली, "बाजूला व्हा, मालकीणबाई आल्या!" आणि मागच्या बायांनी आत्याला हात जोडले. त्यामुळं तिला नीट रडताही येईना.

मग ती गॅरेजमधल्या स्टुलावर बसली आणि पप्पा येईपर्यंत उठली नाही. पप्पा खांद्यावर पाटा घेऊन आले, आई दुसरीकडून पालक घेऊन आली. आजी जागी झाली आणि सगळं ऐकून तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी वजीरच्या मागं सरकले.

"भावाला बहिनीचं जड झालं," आत्या म्हणाली. "करमाडची बाजरी तेवढी हलकी!"

"वन्सं, बाजरीला कशाला मध्ये आणता?" आई म्हणाली.

"का? ती बी वाटायला काढली आसती तर आनली नसती मधी!"

 पप्पा हळूच गाडीमागं जाऊन वाकून बघत होते. गाडी चार बोटं वर आली होती! त्यांनी मला डोळ्यांनीच खुणावलं. वजीर येणार! मी जिंकले होते! ते सुख साधारण दीड मिनिट टिकलं.

कारण आत्यानं फोन काढला आणि मळ्यात सांगितलं, "एक बारदान भरा आन जीपमदी टाका. तोंड लाल काठानं शिवा." मग पप्पांकडं वळून, "रामकिसन, माजं अद्रक सोमनाथाला गेलंच पायजे. वाटंत पुन्हा वाटलं तर? म्हनून समुद्राम्होरं पोत्याचा फोटू काढून धाड. देवू आन पोतं, दोनी दिसाय पायजेत."

तासाभरात पोतं आलं. मजीदभाईंनी पाट्यावर हात ठेवून सांगितलं, "साहब, अब या तो ये, या तो वो." एक बोट पोत्याकडं, दुसरं वजीरकडं.

"कुत्रं ऱ्हाऊ दे माज्याजवळ," आत्या म्हणाली.

आता मात्र मी पुढं आले. पायरीवर भाषण केल्यापासून माझा आवाज जरा मोठाच झाला होता. "त्याला विचारा! वजीर स्वतः ठरवेल! त्यानं आत्या निवडली, तर मी तोंडातून शब्द काढणार नाही!"

सांडूभाऊंनी लगेच जागा मोकळी केली. अजून पांगले नव्हते ते तीस-चाळीस जण गोल करून उभे राहिले. एका बाजूला गाडीचं उघडं दार, दारात मी, हातात त्याचं आवडतं बिस्किट. दुसऱ्या बाजूला स्टुलावर आत्या, हात रिकामे.

"वजीर, ये!"

वजीर उठला. सरळ माझ्याकडं आला! मी आत्याकडं विजयानं बघितलं. वजीरनं बिस्किट घेतलं, खाल्लं, गाडीच्या टायरचा वास घेतला, टायरवर पाय वर केला आणि निवांत चालत जाऊन आत्याच्या पावलांवर हनुवटी टेकून आडवा झाला.

"बच्चे को गाडी लगती है," मजीदभाई म्हणाले. "लाळ बघा ना कशी सुकली."

चार दिवस मी ज्याला आनंद समजत होते, ती मळमळ होती!

मी शब्द दिला होता, त्यामुळं बोलले नाही. आम्ही घाट उतरलो. गर्दीतून सांडूभाऊ ओरडले, "ताई, पुढचा हप्ता कधी?"

समुद्र फार सुंदर होता. पप्पांनी फोटो काढला. मी आणि वाळूत पोतं. आत्याचा निरोप आला, 'समुद्र नीट दिसंना. लांबून, पाठीमागनं काढ.' म्हणून आम्ही लांबून, पाठमोरा, अगदी संध्याकाळच्या उजेडात काढला. आत्यानं उलट फोटो पाठवला, वजीर बाजेखाली, पोट वर करून. त्याला आणायला जायचंय. आई म्हणते, गाडी घेऊन जाऊ. पप्पा म्हणतात, रिक्षानं. रिक्षात आत्याचं नवं पोतं मावत नाही.

शाळा सुरू झाली. सगीरानं फोटो बराच वेळ न्याहाळला. समोर समुद्र, मी, माझ्या शेजारी पोत्याच्या रंगाचं काहीतरी बसलेलं, गळ्याशी लाल पट्टी.

"मानलं तुला," ती म्हणाली. "पण वजीर किती शांत बसलाय गं!"

मी काही बोलले नाही. शब्द दिला होता ना, तोंडातून शब्द काढणार नाही म्हणून!