बेबीताईंच्या डेझीवरील विषप्रयोग

मध्य भारतात गुन्ह्याचा थांग लावू शकणारे एकच डोके उरले असून ते सध्या नेहरू नगरात निवृत्तिवेतनावर राहते, असे दौलतराव स्वतःविषयी सांगत. पोलाद कारखान्यात त्यांनी उभी हयात रुळांमधल्या भेगा हुडकण्यात घालवली होती. रूळ नुसता वाजवला तरी आतली भेग आपल्याला ऐकू येते, असा त्यांचा दावा होता; निवृत्तीनंतर ते माणसे वाजवून पाहू लागले. हरवलेला चष्मा, लग्नात बदललेल्या चपला, गणपतीच्या मांडवात घटलेले लाडू, अशी कितीतरी प्रकरणे त्यांनी हाताळली. एकाही प्रकरणात गुन्हेगार सापडला नाही. भिलाईतले गुन्हेगार किती सराईत आहेत, याचा याहून मोठा पुरावा तो कोणता, असे ते विचारत.

त्यांचे साहाय्यकपद केवलरामांकडे आले ते नात्याने. दौलतराव त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आणि घरच्या जावयाला चहा द्यावा, खुर्ची द्यावी, पण उलट उत्तर देऊ नये, अशा शिस्तीत केवलराम वाढले होते.

हे नवे प्रकरण कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामधल्या केवलरामांच्याच क्वार्टरच्या अंगणात घडत होते. त्यांच्या पत्नीने, म्हणजे बेबीताईंनी, दिवाळीच्या सुमारास एका कुंडीत डेझीचे बी पेरले होते. गवतात आपसूक उगवावे एवढेसे रोप. पण बेबीताईंनी ते नातवासारखे वाढवले. दाटीची रोपे उपटली, कुंडी उन्हामागे फिरवली, आणि नेमक्या कळ्या दिसू लागल्या तेव्हाच गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना नागपूरला लेकीकडे जावे लागले. ऑटोत बसताना त्यांचे डोळे भरून आले. ते गुडघ्यासाठी नव्हते, हे केवलराम जाणून होते.

"माह्यामागं हिले काही झालं," त्या म्हणाल्या होत्या, "तर नव्या गुडघ्यानं पहिले माहेरी चालत जाईन. समजलं?"

केवलरामांना समजले होते. म्हणूनच पाने पिवळी पडून कळ्यांनी माना टाकल्या, तेव्हा त्यांच्या तोंडचे पाणी पळाले, आणि त्या घाबऱ्या अवस्थेत ते भावजींपाशी बोलून बसले.

दौलतराव भिंग घेऊनच आले. कुंडीसमोर ते उकिडवे बसले, मातीची चिमूट हुंगली आणि डोळे मिटून म्हणाले, "साबण."

"काय जी?"

"मातीला साबणाचा वास आहे. अर्थात गुन्हेगार नुकताच आंघोळ करून आला होता. यावरून अर्धी खुर्सीपार वस्ती आणि आपला प्रितम हे दोघेही निर्दोष ठरतात."

"मी रोज आंघोळ करतो ना!" नाइट ड्युटी करून परतलेला प्रितम, केवलरामांचा मुलगा, दारातून ओरडला. आत्याच्या यजमानांना तो भिलाईतल्या हिंदी रीतीने फुफाजी म्हणे. "फुफाजी, ये क्या बात हुई?"

"मग तूही संशयित," दौलतराव शांतपणे म्हणाले.

पुढे त्यांना फरशीवर ओल्या पावलांचे ठसे दिसले. त्यांनी आपले पाऊल शेजारी ठेवून पाहिले, तर एक ठसा तंतोतंत जुळला. "तपास करणाऱ्याला वगळावेच लागते," असे म्हणून त्यांनी तो पायाने पुसून टाकला.

मग सिद्धान्तांना ऊत आला. प्रथम कारखान्याच्या धुराड्यांतली लाल धूळ दोषी ठरली. परंतु त्याच धुळीत कुंडीशेजारची तुळस डवरलेली होती, तेव्हा धूळ सुटली. नंतर एक बकरी पकडण्यात आली आणि जबाब न देता पळून गेली. सरतेशेवटी दौलतरावांची नजर कुंपणापलीकडे स्थिरावली. तिथे गीतांजलीबाई राहत, आणि गेल्या वर्षीच्या पुष्पप्रदर्शनात त्यांच्या शेवंतीला पहिले बक्षीस मिळाले होते.

"हेतू!" दौलतराव कुजबुजले. "विषप्रयोग!"

"भावजी, त्या बाईनं कालच आपल्याले भाजीचा डबा देल्ला."

"खाल्लीस?"

"खाल्ली ना."

"नाडी दाखव."

रविवारी दुपारी सर्वांना अंगणात बोलावण्यात आले. गीतांजलीबाई पदराला हात पुसतच आल्या. दौलतराव मागे हात बांधून येरझाऱ्या घालू लागले, आणि केवलराम, नागपूरला काय तोंड दाखवावे या विचारात, तुळशीपाशी उभे राहिले.

"मृत्यूच्या दाढेत सापडलेले हे निष्पाप रोप," दौलतरावांनी सुरुवात केली, "आज एका व्यक्तीकडे बोट दाखवत आहे..."

"मले पाहून कावून बोलून राहिले?" गीतांजलीबाई कडाडल्या. "जावई आहा म्हून ऐकून राहिली! नाई त—"

"फुफाजी, जरा पाय उचला जी," मधूनच सून नूतन म्हणाली. ती झाडू घेऊन आली होती. गुन्हा घडो वा न घडो, अंगण झाडायचेच होते. तिने कुंडी सरकवायला हात घातला आणि थबकली. "अगं बाई! हे काय, लोखंड भरलं काय इच्यात?"

तिने जोर लावून कुंडी कलंडवली. भळभळून गढूळ पाणी निघाले आणि दौलतरावांच्या कॅनव्हासच्या बुटांत शिरले. कुंडीचे भोक चिखलाने कधीच बुजले होते.

नूतनने सगळ्यांकडे पाहिले. "इले पानी कोन देते?"

केवलरामांनी हात वर केला. पहिल्या पाळीला निघण्यापूर्वी आंघोळ झाली की तुळशीला तांब्या आणि डेझीला तांब्या. बेबीताईंनी तसे बजावले होते. प्रितमचाही हात वर गेला. नाइटवरून आला की आंघोळ, मग तुळस, मग डेझी. "आईनं मलेच सांगतलं होतं. म्हणे, तुह्या बापाच्या ध्यानात राहत नाई."

"मले त म्हणे दोघाईच्याबी ध्यानात राहत नाई," गीतांजलीबाई म्हणाल्या. "रोज पाइप सोडतो मी इकडून."

आता सर्वांच्या नजरा दौलतरावांकडे वळल्या. त्यांचा हात फार सावकाश वर आला, आणि प्रमाण मराठी कुठल्या कुठे गेली. "मी... फिरून येतो ना सकाळी... पाय धुतो इथंच... मलेबी सांगतलं होतं बाप्पा तिनं. रोप सुकून राहिलं त म्या दोन तांबे टाकले."

पाळ्या वेगळ्या, येण्याच्या वेळा वेगळ्या, म्हणून माणसे एकमेकांना भेटत नव्हती. ती फक्त डेझीला भेटत होती. जो येई त्याला ती मलूल दिसे आणि तो कळवळून आणखी पाणी घाली. नूतनला मात्र बेबीताईंनी काहीच सांगितले नव्हते, कारण कालच्या पोरीला झाडातले काय कळते!

त्या कालच्या पोरीने रोप उपसले, कुजक्या मुळ्या छाटल्या, रेती मिसळलेल्या मातीत ते नव्याने लावले आणि जाहीर केले, "माती सुकल्याबिगर आता कोनी हात लावायचा नाई. फुफाजी, तुमीबी नाई."

बेबीताईंचा फोन रोज येई. "पानी देल्लं ना?" आणि रोज चौघेही स्वतंत्रपणे, निःसंकोचपणे खोटे बोलत.

बेबीताई परतल्या तेव्हा डेझी फुलली होती. पांढऱ्या पाकळ्या, पिवळे ठसठशीत डोळे. वॉकर धरून त्या कुंडीपाशी उभ्या राहिल्या, आणि केवलरामांना कितीतरी दिवसांनी श्वास मिळाला.

"पाहा," बेबीताई गहिवरून म्हणाल्या, "चौघाईनं नेमानं पानी देल्लं म्हून कशी हासून राहिली! आता मी आली, मीबी देत जाईन." आणि त्यांनी तुळशीपाशी भरून ठेवलेला तांब्या उचलला.

खरे सांगावे तर रोजचे खोटे उघडे पडणार, न सांगावे तर डेझी मरणार. प्रितम आभाळाकडे पाहू लागला. तांब्या कलला. तेव्हा केवलराम पुढे झाले, बायकोच्या हातातून त्यांनी तो अलगद काढून घेतला आणि भर थंडीत एका दमात घटाघटा रिकामा केला.

"तहान लागली होती," ते म्हणाले.

"एवढी?"

"आता रोजच लागते."

दौलतरावांचे डोळे बारीक झाले. त्यांनी खिशातून भिंग काढले आणि मेहुण्याच्या ओल्या मिशांवर रोखले.

"केवल," ते हलक्या आवाजात म्हणाले, "सत्य सांग. तुला भाजीतून कोणी काही दिले का?"