नीलाच्या लग्नातलं पहिलंच 'सावधान'

बाबनरावांनी लाऊडस्पीकरवाल्याला दारातूनच परत पाठवलं.

"आम्हाला काहून पाहिजे बापा लाऊडस्पीकर? आमच्या घरी आवाज आहे. थेट व्हिएन्नाहून आलेला. आमची अरू मंगलाष्टकं म्हणायला लागली ना, की सक्करदऱ्याच्या तलावापलीकडच्या माणसालाही अक्षता टाकाव्याशा वाटतील."

आत माजघरात तांदूळ निवडत बसलेल्या अरुंधतीनं हे ऐकलं आणि निवडलेले खडे पुन्हा तांदळात टाकले. तो आवाज म्हणजे तीच.

पंचावन्न सालचा वैशाख होता. बाबनराव तिचे सख्खे मामा, आणि लग्न त्यांच्या धाकट्या नीलाचं. घर सक्करदऱ्याच्या अंगाला, समोरून उमरेडकडे जाणारा रस्ता आणि रस्त्यापलीकडे नुसतं मोकळं रान. तिथं रान होतं असं आज सांगितलं तर नातवंडं हसतात.

अरुंधती परदेशातून आवाजाचं शिक्षण घेऊन नुकतीच परतली होती. तिथल्या बाईंनी तिच्या मनावर दोन गोष्टी ठसवल्या होत्या. सूर पोटातून काढायचा आणि तो समोरच्या भिंतीवर जाऊन आदळेपर्यंत सोडायचा नाही, ही एक. आणि सूर संपला की लगेच पुढचं म्हणायचं नाही, थांबायचं, ऐकणाऱ्यांना जरा तरसू द्यायचं, ही दुसरी.

नागपुरात या दोन्ही गोष्टींचा काडीचा उपयोग होईना. ती सकाळी गायला बसली की शेजारच्या वच्छलाबाई कुंपणावरून विचारत, "काय झालं वं? विंचू चावला काय?" गळा जपायचा म्हणून ती त्या भट्टीसारख्या उन्हात लोकरीचा मफलर गुंडाळून हिंडे, तर बायकांत बोलवा उठली की पोरीला गलगंड झालाय. तिकडचं पाणी बाधलं, दुसरं काय.

म्हणून मामांनी मंगलाष्टकांचं काम सांगितल्यावर ती घाबरली तशी हरखलीही. रात्रंदिवस खपून तिनं आठ कडवी स्वतः रचली. वराकडच्या आत्या, माम्या, चुलत आजी, सगळ्यांची नावं त्यात गुंफली. आता तरी घरच्यांना कळेल, बोटीचं भाडं भरून ही पोरगी काय शिकून आली ते.

धास्ती होती ती एकाच माणसाची. नवरदेवाचे काका, मधुसूदनपंत. केशव मुलगा भला, पण वडिलांमागे त्याला काकांनीच वाढवलेलं, आणि काकांपुढे त्याचा शब्द फुटत नसे. थोरल्या पुतण्याच्या वेळी मुहूर्त टळला म्हणून पंतांनी भरल्या मांडवातून वरात परत नेली होती. ती मुलगी पुढे दोन वर्षं घरात बसली. नीलाच्या लग्नाला त्यांनी गोरज मुहूर्त काढून दिला होता, आणि बजावलं होतं, "दिवस मावळताना, त्याच घटकेला. घटकाभर इकडे नाही की तिकडे नाही."

"अरूताई," हळदीच्या दिवशी नीलानं तिचा हात धरला, "तुझी ती आठ कडवी वेळेत संपतील ना गं? उशीर झाला तर मी मेलेच."

"नाही होणार उशीर. शब्द देते."

तो शब्द तिनं पाळला. उशीर होईल याचीच सगळ्यांना भीती होती. लग्न आधीच लागून जाईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

बँड रस्त्यावर उभा होता. शेवटच्या 'सावधान'ला कुणीतरी मांडवाच्या दारातून रुमाल हलवायचा आणि बँडनं वाजवायला लागायचं, असा सगळीकडचा रिवाज. पण आवाजाचा एवढा डंका पिटल्यावर बाबनराव रुमालावर कसे थांबणार?

"रुमाल-बिमाल काही नाही," त्यांनी बँडमास्तर ओमप्रकाशला सांगितलं. "मधे मधे छोटे सावधान येतील, तिकडे लक्ष द्यायचं नाही. शेवटचा एकदम लांब येईल. तो आला की वाजवायचं."

"लंबा याने कितना, साहब?"

"ऐकशील तेव्हा समजेल तुला."

नवरानवरी पाटावर उभी राहिली, मधे अंतरपाट धरला गेला. सूर्य अजून कासराभर वर होता. आठ कडवी सावकाश म्हटली की बरोबर मावळतीला टेकेल असा लग्न लावणाऱ्या विश्वनाथशास्त्र्यांचा हिशेब होता. अरुंधतीनं मफलर सोडला. बायकांनी माना उंचावून तिचा गळा पाहिला. चांगला सरळ, सुरईसारखा गळा. थोडी निराशाच झाली सगळ्यांची.

पहिलं कडवं गोड झालं. मामांनी आजूबाजूला पाहून मिशीवर बोट फिरवलं. मग 'शुभमंगल' म्हणताना अरुंधतीची नजर मांडवाच्या पार शेवटाला गेली. तिथं केशवची आजी भागीरथाबाई कानाला तळवा लावून बसली होती. हिलाही ऐकू गेलं पाहिजे. अरुंधतीनं पोटभर श्वास घेतला आणि 'सावधान'मधला 'धा' सोडला.

तो धा मांडवाच्या झालरी हलवीत गेला. पन्ह्याच्या पिंपावरचं ताट थरथरून वाजायला लागलं. अंतरपाट शिडासारखा फुगला असं म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. भागीरथाबाईंनी कानाचा तळवा काढून दोन्ही कानांत बोटं घातली. धा रस्ता ओलांडून रानात गेला, आणि तो परत येईना. मग 'न' आला आणि सगळं शांत झालं.

बाईंनी शिकवल्याप्रमाणे अरुंधती थांबली. तरसू द्यायचं.

ओमप्रकाशनं हयातीत शेकडो लग्नं वाजवली होती, पण एवढा लांब सावधान त्याच्या बापानंही ऐकला नव्हता. यापेक्षा लांब तो काय येणार? त्यानं हात उचलला आणि सगळा बँड एकदम तुटून पडला.

बँड वाजला की हातातल्या अक्षता टाकायच्या, ही माणसांची सवय. कुणी विचार करत नाही. अक्षतांचा पाऊस पडला. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो ओढून घेतला. करवलीनं नीलाला ढोसलं, नीलानं हार घातला, केशवनं घातला, टाळ्या झाल्या. दुसऱ्या कडव्यासाठी उघडलेल्या अरुंधतीच्या तोंडात चारदोन अक्षता गेल्या.

"अहो थांबा," ती ओरडली, "सात राहिलीत!"

कुणालाही ऐकू गेलं नाही. व्हिएन्नाहून आलेला आवाज बँडच्या कर्नेटपुढे चार हातही पोचेना.

एवढ्यात मधुसूदनपंत खुर्चीवर चढून उभे राहिले आणि बँड आपोआप बंद पडला.

"शास्त्रीबुवा, हे काय लागलं?"

"लागलेलं नाही, पंत," शास्त्री चाचरत म्हणाले. "नुसतं वाजलंय. मी अजून 'तदेव लग्नं' म्हटलेलंच नाही."

"आणि हार? ते काय शोभेला घातले? तो सूर्य पाहा. डोक्यावर ऊन असताना गोरज मुहूर्त लावतात तुमच्याकडे?"

"पुन्हा अंतरपाट धरू की. वेळ आहे अजून."

"अवेळी पडलेला हार तो पडलाच. आमच्या घरात अशी सून येणार नाही. केशव, उतर पाटावरून."

केशवनं काकांकडे पाहिलं, मग नीलाकडे पाहिलं. तो उतरला नाही, पण गळ्यातल्या हाराची फुलं एकेक करून खुडायला लागला. नीला तर पांढरीफटक पडली होती. यमुताई मामी भिंतीला टेकून खाली बसल्या. आणि बाबनरावांनी, ज्यांनी ऑफिसात गोऱ्या साहेबापुढेही कधी मान वाकवली नव्हती, त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती पंतांच्या पायावर ठेवायला ते वाकले.

अरुंधतीनं डोळे मिटून घेतले. दोन वर्षं ती एवढंच शिकली होती का, मामेबहिणीचं लग्न एका दमात मोडायला?

मामांची टोपी अजून हातातच होती, तोच पायाखालची जमीन धडधडायला लागली.

"भागो!" ओमप्रकाश मोठा ढोल छातीशी कवटाळून मांडवात घुसला. त्याच्यामागे त्याची माणसं, त्यांच्यामागे धुळीचा एक डोंगर, आणि त्या डोंगरातून शेपट्या उभारलेल्या गाई. रानातून सुटल्या त्या रस्त्यानं उधळत, मांडवाला घासून, गावाकडे निघाल्या होत्या. काही आतच शिरल्या. एकीनं झेंडूचं तोरण तोडून चघळायला घेतलं. सगळ्यात मागून श्रावण गवळी धापा टाकत आला.

"कोनं हाक मारली? माया गाईले कोनं हाक मारली?"

"कुणी नाही रे बाबा," मामा म्हणाले.

"नाही कशी? मी झाडाखाली बिडी पेटवून राहिलो होतो. तं इकून अश्शी लांब हाक आली, माया बाप मारत होता तशी. साऱ्याच्या साऱ्या उठल्या नं घरी निघाल्या. मले वाटलं, बुढा सरगातून मलेच बोलावून राहिला."

सगळा मांडव अरुंधतीकडे वळला. तिनं मफलर पुन्हा गुंडाळायला घेतला.

धूळ हळूहळू खाली बसत होती. फुलांवर, फेट्यांवर, नवरीच्या शालूवर. सूर्य तिच्यात तांबडा गोळा होऊन बुडाला होता. विश्वनाथशास्त्र्यांनी एकदा त्या सूर्याकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"पंत, गोरज म्हणजे काय हो?"

"हे काय विचारणं झालं?"

"सांगा तरी."

"गाई घरी परततात, तेव्हा त्यांच्या खुरांनी उडालेली धूळ."

"मग तुमच्या चष्म्यावर काय आहे?"

पंतांनी चष्मा काढला आणि उपरण्यानं पुसला. उपरणं मातकट झालं.

"पण पंचांगातली वेळ..."

"पंचांग गाईंवरून झालं, पंत. गाई काही पंचांग वाचून घरी येत नाहीत."

कोपऱ्यातून भागीरथाबाई बोलल्या, "मधू, पुरे कर आता. गाई चालत मांडवात आल्या नं शकुन कोणता पाहिजे तुले?"

आईपुढे पंतांचं काही चालत नसे. तोरण खाणाऱ्या गाईच्या पाठीला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला, आणि खुर्चीवरून उतरले. "धरा अंतरपाट. ही धूळ आहे तोवर."

यमुताईंना तिथंच रडू फुटलं. बाबनरावांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. अंतरपाट धरला गेला. अरुंधती सवयीनं एक पाऊल पुढे आली.

"तुम्ही बसा हो ताई," शास्त्री घाईघाईनं म्हणाले.

मंगलाष्टकं त्यांनी स्वतःच म्हटली, नवरानवरीपुरती, पुटपुटल्यासारखी. नीलानं त्याच केशवला दुसऱ्यांदा हार घातला. ओमप्रकाश मात्र या वेळी काही केल्या वाजवेना. शेवटी मामांनी जाऊन त्याचे खांदे गदागदा हलवले.

पंगतीत अरुंधतीला भूक लागली ती अशी, की जिलब्या ताटात पडायचा अवकाश. दोनचार आत्या नाराज होत्या, त्यांची नावं पाचव्या-सहाव्या कडव्यात होती म्हणे. पण नीला समोर केशवच्या पानाशेजारी बसली होती, आणि तिच्याकडे पाहिलं की अरुंधतीच्या घशाखाली घास कसा सुखानं उतरत होता. बाबनराव तुपाची वाटी घेऊन आले. त्यांचा आवाज पूर्वीसारखा चढला होता.

"अरू, ती उरलेली सात कडवी जपून ठेव बरं. नीलाच्या पोराच्या बारशाला म्हणू."

घटकाभरापूर्वी बोहल्यावरून उतरलेल्या त्या नवरीनं मान वर न करता, हळूच सांगितलं, "बारसं घरात करू, बाबा. दारं लावून."