डाळीनंतरचा गहू

सिहोऱ्यात हिरामणच्या चक्कीवर दळण नेलं, तर डब्यात गहू आहे की तांदूळ हे तो नंतर पाहतो. आधी विचारतो, "मागचं काय आवडलं?"

नवीन माणसाला वाटतं, मागच्या दळणाचं विचारतो. तसं नाही. चक्कीच्या भिंतीवर एक टीव्ही आहे, पिठानं पांढरा झालेला. त्यावर दिवसभर जपानी चित्रांच्या मालिका चालतात. ॲनिमे म्हणतात त्याला. मी एकदा कार्टून म्हटलं, तर हिरामणनं असं पाहिलं, जसं काही मी त्याच्या मायला शिवी दिली.

हिरामण पन्नाशीचा. लग्न झालं नाही. माय होती, ती वारली. भुवया, पापण्या, कानातले केस सगळे पिठानं पांढरे. पोळ्याला आंघोळ करून, नवा शर्ट घालून आला तर कोणी ओळखलं नाही.

कोणाला काय पाहायचं ते तो सांगतो. पण असंच नाही सांगत. तुम्हाला आधी काय आवडलं ते सांगावं लागतं. मग तो डोळे मिटतो, पट्ट्याच्या आवाजात मान हलवतो आणि म्हणतो, "ते आवडलं ना? मंग हे पाहा." त्याचा हिशोब चक्कीचाच. तो म्हणतो, "गव्हावर गहू टाकाचा, मंग ज्वारी, डाळ शेवटी. डाळीवर गहू टाकला का पिठाले वास येते. तसंच हे. मारामारीवर एकदम रडारडी नाही टाकाची. माणूस खराब होते."

शाळेतले गुरुजी म्हणाले, मला फक्त कबड्डी आवडते. हिरामणनं त्यांना खेळाचीच एक मालिका सांगितली. त्यात एकच सामना नऊ भाग चालतो. गुरुजी म्हणाले, "अरे, एवढ्यात तर पोरं पास होऊन जातात!" सासू-सुनांच्या मालिका पाहणाऱ्या शेवंताबाईला त्यानं एका चुलीवर रांधणाऱ्या दोन चेटकिणींची सांगितली. ती बाई आठ दिवस सुनेशी गोड बोलत होती म्हणतात.

चक्की चालू असली की ओरडून बोलावं लागतं. एकदा हिरामण ओरडून सांगत होता आणि मधातच लाईन गेली. चक्की एकदम गप. सगळ्या रस्त्यानं ऐकलं, "मले तर ते राजकुमारी लय आवडते!" चार दिवस लोक त्याला राजकुमारी कुठची, तिरोड्याची का तुमसरची, विचारत होते.

सांगून झालं की प्रत्येकाला एकच म्हणतो, "पाहून झालं का सांगाले या." लोक हो म्हणतात. मोबाईलवर पाहतातही. पण सांगायला कोणी येत नाही. दळण घेतात, जातात. मग हिरामण दारापर्यंत जाऊन थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे पाहतो. मला ते दिसायचं आणि राग यायचा. म्हणायचो, याला कामधंदा नाही.

आता माझं सांगतो. मी गवंडी होतो. चौथी शिकलो. बायको कौसल्या आठ महिन्यांपूर्वी गेली. लोक म्हणतात, हळूहळू बरं वाटेल. मला नाही वाटलं.

दळण न्यायचं काम तिचं. दर गुरुवारी जायची आणि दोन तासांनी यायची. मी खेकसायचो, "पाच किलो गव्हाले दोन तास लागतात काय?" ती म्हणायची, "नंबर होता." तिच्या हातची पोळी जराशी पिवळी, चवीला बेसनासारखी. मला वाटायचं, माझ्या गुडघ्यासाठी पिठात काही मिसळते. विचारलं नाही. आमच्यात विचारायची पद्धत नव्हती.

ती गेल्यावर तिचा डबा घेऊन मी पहिल्यांदा चक्कीवर गेलो. झाकणावर तिचं नाव कोरलेलं आहे. हिरामणनं ते पाहिलं, अंगठ्यानं पुसलं आणि डबा उचलून रांगेत सगळ्यात मागं ठेवला. चण्याच्या डाळीच्याही मागं.

मी म्हटलं, "काहून रे? माहा नंबर दुसरा आहे."

"हा डबा शेवटीच राहते, काकाजी."

"कोण्या कायद्यानं? आणि डाळीवर गहू दळतं? तूच लोकाईले शिकवून राहिला ना?"

त्यानं डबा उचलून पुढं आणला. मुकाट्यानं दुसऱ्या नंबरावर दळून दिलं. मी जिंकलो म्हणून घरी आलो.

पोळी मी स्वतःच करतो. त्या पिठाची पोळी पांढरी झाली. चवीला काहीच नाही. म्हटलं, आपला हात वाईट. असेच कितीतरी महिने पांढऱ्या पोळ्या खाल्ल्या.

मग मागच्या पंधरवड्यात अंगात ताप होता, म्हणून डबा ठेवून घरी येऊन पडलो. संध्याकाळी हिरामण स्वतः पीठ आणून देऊन गेला. पोळी टाकली तर पिवळी. तोंडात घास घेतला आणि तसाच बसून राहिलो. तव्यावरची करपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चक्कीवर गेलो. म्हटलं, "काल डाळीवर दळलं तू."

"तुमी नव्हते ना भांडाले," तो म्हणाला.

"पोळी तिच्या हातच्यासारखी झाली."

"होणारच. चार वर्षं डाळीवरच दळलो. मी म्हणो, काकू, वास येते. तर म्हणे, येऊ दे, बुढ्याले काही समजत नाही. माहा डबा शेवटी ठेव, भाग पुरा पाहू दे."

मी पोत्यावर बसलो. कौसल्या आणि जपानी मालिका! घरचा टीव्ही तिनं कधी लावला नाही.

"काकूच एकट्या सांगाले येत," हिरामण म्हणाला. "गुरुवारी पाहत, आठ दिवस इचार करत, मंग पुढच्या गुरुवारी भांडत माह्याशी. ते पोरगी अशी काहून वागली, ते तशी काहून गेली. लय भांडत."

"तिले काय आवडे?"

त्यानं टीव्हीवरचं पीठ पुसलं. "पहिल्या दिवशी मी विचारलो, मागचं काय आवडलं? म्हणाल्या, पाह्यलंच नाही काही. घरी एक खडूस बुढा आहे, त्याची सवय झाली, तेवढंच. मी म्हटलो, चालते, त्याच्यावरच शोधतो. दुसरं लय काही दाखवलं मधात, पण हे सापडाले पावणेचार वर्षं लागली."

त्या मालिकेत एक डोंगरातल्या गावचा म्हातारा गवंडी. कोणाशी धड बोलत नाही. नुसता दगडावर दगड ठेवतो. बारा भाग.

"काकूनं दहा पाह्यले," हिरामण म्हणाला. "दोन राह्यले. मी बी पाह्यलो नाही. पाहून सांगू कोणाले?"

मी पोत्यावरून उठलो. घरी आलो.

पुढच्या गुरुवारी घरी पीठ होतं तरी डबा भरला. चक्कीवर गेलो आणि माझ्या हातानं रांगेत शेवटी ठेवला. डाळीच्या मागं. हिरामणनं पाहिलं. सवयीनं मागचं काय आवडलं विचारायला तोंड उघडलं, मग मिटलं.

मी म्हटलं, "काकूचे राह्यलेले दोन लाव."

सगळ्यांची दळणं झाली, लोक गेले. माझा गहू वरच्या टोपात ओतलेला होता. हिरामणनं चालती चक्की बंद केली. दाणे अर्धे दळलेले असताना तो चक्की कधी बंद करत नाही. मला स्टूल दिलं. त्यावर जुनी उशी बांधलेली होती, आमच्या घरच्या लुगड्याची.

दोन्ही भाग पाहिले. म्हाताऱ्यानं भिंत पुरी केली. बायको हाका मारत होती तरी वर चढून शेवटचा दगड ठेवत बसला. जेवण थंड झालं. ती काही बोलली नाही, तिथंच ताट झाकून बसली. संपलं.

मी नाक पुसलं आणि म्हटलं, "येडा आहे बुढा."

हिरामण पोतं ओढून माझ्यासमोर येऊन बसला. गुडघ्याला गुडघा लावून. पांढऱ्या पापण्यांतून डोळे चमकत होते.

"काहून?" तो म्हणाला. "सांगा न काकाजी. काहून येडा?"